तोकडा दोर

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

डोकं अजून तापलेलंच आहे. देगलूरच्या अलीकडे आज मारोतीरावांच्या बांधावरचा वाळलेला कडुलिंब पाडला. झाड कापायची मशीन माझी, दोर ओढायला ते आणि त्यांचा भाऊ. आधी झाडाला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, हात जोडून माफी मागितली. सगळं रीतसर. पण दोर? विहिरीवरचा, झाडाच्या उंचीहून तोकडा. म्हणजे ओढणारे जिथे उभे, तिथेच झाड येणार.

म्हणालो, "मालक, दोर लांब पाहिजे."

"तुम्ही लई भेता बुवा! नारळ फोडलाय की. काही होत न्हाई."

आणि मी मशीन सुरू केली. का केली? इतकी वर्षं मशीन चालवून राहिलो, तरी? समोरून खाच घेतली, मागून कापत आणलं. खोड करकरलं तसा मी मागे सरलो. माझी पळायची वाट मी आधीच साफ करून ठेवली होती. ते दोघं मात्र दोर टाकून ढेकळांतून धावले. शेंडा मारोतीरावांच्या टाचेपासून हातभर अंतरावर आपटला. ते अडखळून पडले होते; उठले, धोतर झटकलं, हसले. "बघा, देवानं राखलं."

मला हसू आलं नाही. दिवसभर तोच तोकडा दोर डोळ्यांसमोर. लांब दोर माझ्याकडे आहे, चांगला नवाकोरा. परवा मीच तो अंगणात कपडे वाळत घालायला बांधला आणि आज सकाळी निघताना सोडायचा कंटाळा केला. आत्ता त्याच्यावर माझाच सदरा वाळतोय.