मंडपाचा दोर

इंदूर, मंगळवार, ८ सप्टेंबर १९९२

दोर माझ्याकडेच आहे. देणार नाही.

मिल बंद पडल्यापासून शेजारचे वामनराव झोपत नाहीत. आज चौकात उभे राहून ओरडायला, रडायला लागले. गणपती मंडळाचे देशपांडेजी लगेच मंडपाचा दोर सोडून घेऊन आले. "वहिनी, पुलिस की जीप येईपर्यंत बांधून ठेवू." काय ही माया! मी दोर हिसकावला.

"मातीच्या मूर्तीजवळ दहा दिवस पाळीपाळीने बसता ना? मग या जित्या माणसाजवळ बसायला काय झालं?"

"आपण काय डॉक्टर आहोत?"

"मग पुजारी तरी कुठे आहात?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई घरी येऊन औषध देऊन गेल्या. पहिली पाळी माझी. दुसरी, तोंड वाकडं करून का होईना, देशपांडेजींची. वामनराव अजून रडतात, पण खुर्चीत बसून, चहाचा कप धरून. हे किती दिवस निभेल? दहा दिवसांनी विसर्जन तर नाही करता येणार.

आत्ताच मागच्या गल्लीतली सून विचारून गेली, "काकू, आमच्या सासऱ्यांसाठीपण पाळ्या लावाल?"

लावणार. आणि उद्या देशपांडेजी दोर मागायला आले, तर सांगीन, त्यावर माझ्या साड्या वाळतायत.