चंडोलाची तीन पिल्लं

बुधवार, २२ एप्रिल, संध्याकाळ

खांदा कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवरचं चंडोलाचं घरटं आज रिकामं. तिन्ही पिल्लं गेली. समोर शेळ्या चारणारी हौसाबाई दिसली आणि माझा तोल गेला. "तुझ्या शेळ्यांनी तुडवली!" चारचौघांत ओरडले.

ती शांतपणे म्हणाली, "शेल्या नाय, बाय. कुत्रा गेला. तुमीच वाट पाडलीत त्याला."

खरंच पडली होती. वाळक्या गवतातून थेट घरट्यापर्यंत, माझ्या चपलांची. चंडोल चिमणीहून जरासा मोठा, मातकट, डोक्यावर तुरा. पण कधी घरट्यावर सरळ उतरत नाही. लांब उतरतो आणि गवतातून लपतछपत चालत जातो. हे मी आठवडाभर पाहिलं, खारघरच्या भाचीला फोनवर ऐटीत सांगितलं, आणि स्वतः मात्र रोज दोनदा सरळ चालत गेले! प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं ते कशासाठी?

ती वाट डोळ्यांसमोरून हलत नाही.

माफी मागितली का? नाही. उलट दरडावूनच विचारलं, आणखी कुठे घरटं आहे का?

"हाय," हौसाबाई म्हणाली. "पन तुमाला दावनार नाय."

इतका राग आला! तिच्या जागी मी असते तर मीही दाखवलं नसतं.