बर्फाच्या पेटीच्या जागी

५ डिसेंबर, बुधवार

मायमुना म्हणाली, ‘या वर्षी कॅम्पला तू जा. मी घरीच बरी.’ चहा ओतता ओतता म्हणाली. एकतीस वर्षं आम्ही नवरा-बायको समुद्रकाठी क्लिपबाईला जातो. ऐन उन्हाळ्यात, नाताळच्या आधी कॅराव्हॅन लावायची, शाळा उघडायच्या आत परत यायचं. खडकांच्या वरच्या रांगेत आमची जागा ठरलेली. सगळी बिऱ्हाडं ओळखीची, अर्धी नात्यातली — आणि ही म्हणते घरी बरी!

कारण मला ठाऊक आहे. ऑगस्टपासून तिला इन्सुलिनची सुई लागली. सकाळ-संध्याकाळ. औषध थंडाव्यात ठेवावं लागतं आणि कॅम्पात वीज नाही. कॅराव्हॅनमध्ये बर्फाची पेटी आहे, पण सप्टेंबरात दोन दिवसांसाठी गेलो तेव्हा बर्फ वितळून औषध पाण्यात पोहत होतं. दुसऱ्या दुपारी तर बर्फच संपला आणि आत भट्टी. क्लिनिकच्या सिस्टरने मलाच झापलं.

‘पेटी काढतो आणि फ्रिज बसवतो,’ मी म्हणालो.

‘तू?’ एवढंच म्हणाली.

चाळीस वर्षं मी भिंतींना गिलावा केला. विजेचं मला ओ की ठो कळत नाही. पण एकटा जाणार नाही आणि तिला मागेही ठेवणार नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

६ डिसेंबर

पेटी उचकटली. आत पत्रा, पत्र्यामागे थर्माकोल, थर्माकोलमागे मुंग्यांचं अख्खं गाव. बोट कापलं. कॅराव्हॅनमध्ये आता दात पडल्यासारखी पोकळी दिसते. पाणी जायला तळाला भोक होतं, कधीचं तुंबलेलं; ते बुजवलं नाही, मोकळं केलं. तारा तिथूनच काढीन.

मायमुना दारातून बघून गेली. कापलेल्या बोटाला पट्टी आणून दिली.

८ डिसेंबर, शनिवार

पारो वस्तीतला एक गोरा म्हातारा आपली बोट विकतोय. तिच्यातला फ्रिज आणला. चाळीस लिटरचा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. म्हातारा म्हणाला, ‘याला मागून श्वास घ्यायला जागा ठेव. कोंडलास तर मरेल.’ हे लक्षात ठेवलं.

घरी येऊन बघतो तर पोकळी दोन बोटं अरुंद! तीन वेळा मोजली होती. फळी तासायला लागणार.

९ डिसेंबर

तोयेर बूटा आला. बूटा म्हणजे दादा. माझा थोरला भाऊ, पण त्याला अख्खा कॅम्प बूटाच म्हणतो. तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात चौतीस वर्षं होता. निवृत्त झाला तरी तिथे त्याचा शब्द चालतो. कॅम्पात दर तिसऱ्या दिवशी तो पिकअप भरून लाद्या आणतो. कुणाला अख्खी, कुणाला अर्धी, ते तोच ठरवतो. नव्या सुनेला पहिली लादी त्याच्या हातून मिळाली की ती कॅम्पातली झाली.

पोकळीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. ‘माझ्या बर्फात काय किडे पडले, इगसान?’

मी म्हणालो, ‘तसं नाही, बूटा. आता वाकून पाणी उपसायचं होत नाही माझ्याच्याने.’

‘मग तुझ्यापेक्षा लहान बायको कर. फ्रिज कसला करतोस!’

खरं कारण सांगता येईना. मायमुनाने शपथ घातली आहे. सुईचं कुणालाही कळता कामा नये, माझ्या सख्ख्या भावालासुद्धा नाही. तिच्या आईला सुई लागली आणि दोन वर्षांत पाय गेला. गल्लीतल्या बायका तेव्हापासून सुई म्हटलं की कफनच बघतात. शिवाय कॅम्पात दर रविवारी पाकात बुडवलेले कोसिस्टर हीच तळते, दीडशे-दोनशे. ‘एकदा कळलं की माझ्या प्रत्येक घासावर चाळीस डोळे,’ असं तिचं म्हणणं. तिचं चुकत नाही. आमचे लोक प्रेमाने मारतात.

बूटा चहा न घेता गेला. वाईट वाटलं.

१२ डिसेंबर

फ्रिज बसला. तासून, ठोकून, बिस्मिल्ला म्हणून ढकलला. मागे चार बोटं जागा ठेवली, बाहेरच्या भिंतीला जाळी बसवली. दुसरी बॅटरी, छपरावर उन्हावर वीज करणारी पाटी. सगळं जोडून बटण दाबलं.

गुरगुरला. तीन वेळा लाल दिवा मारला आणि गप्प.

१३ डिसेंबर

पुन्हा गुरगुर, तीन दिवे, गप्प. बॅटरी तपासून आणली, ठणठणीत आहे. मला बोटीच्या म्हाताऱ्याचा संशय येतोय.

१४ डिसेंबर

म्हाताऱ्याला फोन केला, जरा चढ्या आवाजात. त्याने शांतपणे विचारलं, ‘तार कुठली वापरलीस?’ मी म्हणालो, ‘घरात होती ती. जुन्या स्पीकरची.’ तो इतका वेळ हसला की मीच फोन कानापासून लांब धरला. बारीक तारेतून त्याला पुरेशी वीजच पोचत नव्हती. बारीक नळीने पाइपभर पाणी मागत होतो म्हणायचं.

माफी मागितली. मायमुना शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

१५ डिसेंबर, शनिवार

वेल्डिंगवाल्याकडून करंगळीएवढी जाड तार आणली. दुपारी दोनला बटण दाबलं — चालू! तासाभराने आतला काटा पाच अंशांवर. सिस्टरने सांगितलं आहे, दोन ते आठच्या मध्ये. ‘आणि बर्फाला टेकू देऊ नका. एकदा गोठलं की गेलं. वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण फेकायचं.’

मायमुनाला बोलावून काटा दाखवला. तिने आत हात घातला, काढला, गालाला लावला. मग कपाटातून कॅम्पची मोठी परात काढली आणि घासायला घेतली. येते म्हणाली नाही. परात घासली.

१९ डिसेंबर

क्लिपबाई. वारा आहे, पण कॅराव्हॅन सरळ लागली. इन्सुलिनची दोन पेनं फ्रिजच्या मधल्या फळीवर, चहाच्या रिकाम्या डब्यात. काटा पाचवर. डावीकडे गावा टिटीचा तंबू, नेहमीसारखा. टिटी सगळ्यांची थोरली बहीण, रक्ताचं नातं नसलं तरी. उजवीकडे बूटा. बायको गेल्यापासून तो पिकअपमागच्या टपाखाली एकटा राहतो.

बूटाने सगळ्यांना लादी दिली. आमच्यापुढून पिकअप न थांबवता नेली.

२२ डिसेंबर

बातमी पसरली. इगसानकडे फ्रिज आहे.

सकाळी गावा टिटीने मुरवलेल्या माशाचं पातेलं पाठवलं, ‘जरा ठेवशील, कनाला?’ कनाला, म्हणजे एवढी मेहेरबानी कर, असं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? मग कुणाचं दही, कुणाच्या बाटल्या, कुणाचं मटण. मायमुना सगळ्यांना हो म्हणते. आपल्याकडे आलेलं भांडं परत पाठवायचं नाही, हे तिच्या हाडात आहे. माझ्याही आहे. पण फ्रिजमध्ये नाही, तो चाळीस लिटरचाच आहे.

काटा आठवर.

२३ डिसेंबर, रविवार

कोसिस्टर झाले. दोनशे दहा. मायमुनाने एकही खाल्ला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तळणारी बाई खात नाही असं सगळे धरूनच चालतात. सुई तिने पडदा लावून घेतली. बाहेर मी मोठ्याने खोकत उभा राहिलो. हे आमचं ठरलेलं आहे.

२७ डिसेंबर

काटा नऊ. संध्याकाळी मटणवाल्याला म्हटलं, ‘बाबा, उद्या भाजून टाक.’ तो रागावला. मायमुना माझ्यावर रागावली. ‘फ्रिज लोकांना दाखवायला आणलास आणि आता हिशेब करतोस?’

फ्रिज तुझ्यासाठी आणला, असं ओठांवर आलं होतं. बाहेर माणसं होती. गिळलं.

३१ डिसेंबर, सोमवार

आज मी गाढवपणा केलाय की काय, उद्या कळेल.

शेगडीभोवती सगळे होतो. तोयेर बूटा चढ्या आवाजात म्हणाला, ‘दहा दिवस ऐकतोय, फ्रिज फ्रिज. लेकाचं कपाट गुणगुणतं छान! पण बर्फ करतं का? एक खडा दाखव, माझ्या सरबतात टाक, मग मी मानतो.’ सगळे हसले. गावा टिटीसुद्धा. हसू दे म्हणून सोडायला हवं होतं. पण आठ दिवस त्या फ्रिजशी झुंजलोय मी! म्हटलं, ‘उद्या न्याहारीला ये.’

आत येऊन फ्रिजच्या थंडाव्याचा खटका शेवटच्या टोकापर्यंत फिरवला. पाण्याची थाळी थंड पत्र्याला लावून ठेवली.

१ जानेवारी, मंगळवार

झालं ते सगळं लिहून ठेवतो.

सकाळी थाळी काढली. बर्फ! स्वच्छ, काचेसारखा. ग्लासात चार खडे टाकून बूटाकडे निघालो. मागून मायमुनाने हाक मारली. तिचा आवाज ऐकून ग्लास तिथेच ठेवला.

माशाच्या पातेल्याला जागा करताना कुणीतरी, म्हणजे आम्हीच, चहाचा डबा मागे सरकवला होता. पार पत्र्याला चिकटून. दोन्ही पेनं गोठलेली. सुईची वेळ झालेली.

‘वितळल्यावर घेते,’ ती म्हणाली. ‘दिसतंय तर तसंच.’

मी दोन्ही पेनं तिच्या हातून घेतली आणि गवतात फेकली. मग उचलून कचऱ्यात टाकली, मुलं खेळतात म्हणून. म्हणालो, ‘शहरात जाऊ. आत्ता.’ दोन तास रस्ता. सुट्टी म्हणून आज क्लिनिक बंद, उद्याही बंद. मोठ्या दवाखान्यात नव्या वर्षाच्या दिवशी दारुडे आणि अपघातवाले, संध्याकाळपर्यंत नंबर लागणार नाही. सगळं माहीत होतं. तरी किल्ल्या शोधत होतो. बायकोचा जीव मी चार खड्यांसाठी घालवला, एवढंच डोक्यात.

वर बघतो तर मायमुनाने डोक्याला ओढणी बांधलेली. गाडीकडे नाही, डावीकडे चालली होती. मी मागे धावलो.

गावा टिटी तंबूच्या तोंडाशी कांदा चिरत होती. मायमुना उभ्यानेच बोलली. ‘टिटी, मला साखर आहे. सुई घेते. माझं औषध गोठलं. कॅम्पात कुणाकडे असेल का?’ आजूबाजूला चार बायका होत्या. आवाज लहान केला नाही तिने.

टिटीने सुरी खाली ठेवली. मग उठून आत गेली आणि चहाचा थर्मास घेऊन आली. आत चहा नव्हता. बर्फाचा चुरा, फडकं आणि फडक्यात न उघडलेलं पेन. तेच नाव, तोच रंग. दोघींच्या औषधांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून मी अक्षर न अक्षर ताडून पाहिलं.

‘तीन वर्षं झाली,’ टिटी म्हणाली. ‘तुझे कोसिस्टर मी दर रविवारी तोंडात न घालता नातवंडांसाठी म्हणून बांधून नेते. मला नातवंडं किती, विचारलंस कधी?’

एकच नातू आहे. तोही ऑस्ट्रेलियात.

मायमुनाने सुई तिथेच घेतली, तंबूच्या तोंडाशी, उजेडात. मला खोकावं लागलं नाही. मग दोघी रडल्या, मग कांद्याला नावं ठेवली.

दुपारी मायमुनाने फ्रिज रिकामा केला. पातेलं, बाटल्या, दही, सगळं ज्याच्या त्याच्या दारात स्वतः नेऊन दिलं. प्रत्येक दारात कारण सांगितलं. मी खटका मागे फिरवून काटा पाचवर आणला आणि वरून चिकटपट्टी मारली. बूटा सरबताला आलाच नाही. लांबून सगळं बघत होता. मला वाटलं, जिंकला म्हणून खूश असेल.

२ जानेवारी, बुधवार

पहाटेची फजरची नमाज झाली आणि दार वाजलं. तोयेर बूटा. हातात औषधाचा खोका, वर त्याचंच नाव. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘सहा वर्षं झाली. बर्फात टिकत नाही रे ते, इगसान.’

मी आत सरकलो आणि मधल्या फळीवर जागा केली.