राखलेले मत

आबा, गेल्या आठवड्यात कार्यालयात एका कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारताना माझा हात थांबला. शब्दांच्या बाबतीत मी काटेकोर आहे, म्हणून घरी येऊन कोश उघडला. ‘गुप्’ या धातूचा अर्थ लपवणे असेल असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. तिथे आधी दिले होते: राखणे, रक्षण करणे. आणि मला तुमच्या कापडगिरणीतल्या कामगार संघाच्या निवडणुकीनंतरची ती संध्याकाळ आठवली.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. आई भाकरी थापते आहे. मतदान गुप्त झाले होते, तरीही माणसांना कामावर लावणारा-काढणारा जॉबर घरोघर फिरतो आहे. त्याचा उमेदवार हरला आहे आणि तो प्रत्येकाला बेलभंडारा उचलायला लावून मत कुणाला दिले ते वदवून घेतो आहे. आपल्या चाळीत भंडारा उचलून कुणी खोटे बोलत नसे. त्याने बेलभंडाऱ्याची ताटली तुमच्यापुढे सरकवली.

“उचला मामा. नवरीवानी लाजताय व्हय?”

“मत टाकताना खंडोबा बगत हुता की. त्येलाच इचार.”

आईला हसू फुटले. जॉबरचा चेहरा मात्र ताठ झाला. “उद्या तुमचा माग कुणाच्या हाती जाईल, ते बी त्येलाच इचारा,” म्हणत तो बिडी ओढायला ओट्यावर गेला.

“आबा, सांगून टाका की,” मी घाबरून कुजबुजलो. “कायमची नोकरी जाईल.”

“मी बोललो, तर उद्या जो गप बसंल त्यालाच चोर धरतील. माज्या मताचं काय लई न्हाय रे.”

तुम्ही ताटली उंबऱ्याबाहेर ठेवलीत. शेजारच्या घरातूनही ती तशीच परत गेली. पुढच्या सोमवारपासून तुम्ही बदली कामगारांत फाटकाशी उभे राहू लागलात. कधी काम मिळे, कधी डबा तसाच घरी येई. आईने एकदा रागाने विचारले, तिलाही तुम्ही सांगितले नाहीत.

तुम्ही काय राखलेत ते आता मला नीट कळते. तुमचे मत कदाचित जॉबरच्याच माणसाला गेले असेल, असेही मनात येते. हे पत्र मी धाडणार नाही, ते माझ्या पेटीतच राहील, आबा, कारण एवढे सगळे कळूनही मला शेवटी तुम्हाला तेच विचारायचे आहे: कुणाला दिले होते?