हिरव्या शिंदीचं बाशिंग

डिंडोली, सुरत
१० एप्रिल २०२६

चि. गायत्रीस आणि तिच्या लांब नाकाच्या संदीपरावांस आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. माझे गुडघे तेवढे ऐकत नाहीत, तुझ्यासारखेच. तुमच्या हजीऱ्याकडचं पाणी खारट म्हणतात, केसांना खोबरेल लावत जा.

घरातले मोबाइल तुझ्या बापाने स्वतःच्या खिशात ठेवलेत, म्हणून हे पत्र. लिहिणारी कोण, ते अक्षरावरून ओळखशील. तुझ्याशी बोलायचं नाही अशी तिला नवऱ्याने शपथ घातलीय. लिहायचं नाही, हे सांगायचं राहून गेलं त्याच्याकडून.

कलाबाईच्या भाजीच्या टोपलीतून फडक्यात बांधून बाशिंगाची जोडी पाठवलीय. शिंदीची पाती हिरवी होती तेव्हाच विणली, वर भेंडाची फुलं आणि गुंजा. दाबू नका.

ही जोडी तुझ्या बापानेच सांगून करवली. मला वाटलं, विरघळला लेकीसाठी. म्हटलं, "चिंधा, संदीपच्या कपाळाचं माप मागवू का?"

"आई, त्याचं नाव काढू नको! कोर्टात सही केली म्हणजे लग्न झालं का? बाशिंग कुठे बांधलं? आखाजीच्या सणाला माहेरी बोलावतो तिला. आली की दाराला कुलूप. उधन्याचा मुलगा ठरवलाय."

"बरं बाबा," मी म्हटलं, "झकास करते." वीण कुठे ढिली पडू दिली नाही.

इथे तुझ्या आईने पेन खाली ठेवलंय. सरला, लिही गं. रडायचं मागाहून, तुझा नवरा लूमच्या खात्यावरून सुटून येईल आता.

तर पोरी, हे मिळताच दोघं बाशिंगं बांधा. शेजारच्या बायका बोलवा, फोटो काढा. मग तुझ्या बापाच्या बोलण्याप्रमाणेही तुमचं लग्न झालं. आपल्यात एका मुलीचं बाशिंग दोनदा विणत नाहीत. बाजारातून चमकीचं आणेल तो. आणू दे. तू नसलीस तर बांधणार कुणाला?

आखाजीचा फोन येईल, बाप गोड बोलेल. येऊ नकोस. मग फोन येईल, आजी आजारी आहे. येऊ नकोस. मग येईल, आजी गेली. मी खरंच गेले तरी आवाज तोच असेल आणि शब्दही तेच. तुला फरक कळायचा नाही. तेव्हाही येऊ नकोस. तिथेच रड. डोळे पुसणं संदीपला जमेल, तेवढं काही अवघड नाही.

आज तरी ठणठणीत,
तुझी आजी इंदुबाई
(डाव्या हाताचा अंगठा)