हिंगाचा वास

मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा खालच्या मजल्यावरच्या सरोजाअक्कांकडे जेवले. केमो सुरू झाल्यापासून विनयला फोडणीचा वास सोसत नाही, म्हणून घरात मऊ भात आणि बिनफोडणीचं वरण. मीही तेच खाते, असं त्याला सांगितलंय. खरं तर ऑफिसातून आले की आधी अक्कांकडे थांबते. "स्वल्प घे गं," म्हणत त्या भातावर सारू, म्हणजे त्यांच्याकडचं आंबट-तिखट सार, वाढतात, वर हिंगाची फोडणी. मी उभ्याउभ्याच जेवते. यात वाईट काय आहे? काहीच नाही. मग लपवते कशाला?

आज त्याला गोळी द्यायला वाकले, तर म्हणाला, "हिंगाचा वास येतोय तुझ्या ओढणीला."

मी मागे सरून बादली पुढे ओढली. पण त्याला उलटी झाली नाही.

"रोजच येतो," तो म्हणाला. "उद्यापासून घरीच फोडणी कर. मी गॅलरीत बसेन, दार लावून."

अक्कांसारखंच "सरी" म्हटलं, म्हणजे बरं. भांडी घासली, उद्याच्या मीटिंगची वेळ पाहिली, मग मिसळणाचा डबा काढला. इतक्या दिवसांत झाकण घट्ट बसलेलं. लग्नापासून घट्ट झाकणं तोच उघडतो, त्या सवयीने त्याच्याकडेच नेला. त्याच्यानेही ते निघेना.

मी हात पुढे केला, पण त्याने डबा परत दिला नाही. अजून मांडीवर घेऊन बसलाय.