पाचवा फाऊल

ता. ४ जानेवारी

चि. तापट्यास अ. उ. आ.

आपण जिंकलेला तो कप पितळेचा आहे, वरून मुलामा. काल हातात घेऊन पाहिला, एक कान तुटलाय. तसला कप बाजारात कोणालाही मिळाला असता. आपल्याला तो खरा केवढ्याला पडला, ते काल बसून मांडलं. दोन वर्षं पहाटे पाचला उठणं. सिमेंटच्या कोर्टावर फाटलेले बुटांचे अकरा जोड. माझा डावा गुडघा. आपल्या सेंटरचं, रिंगखाली खेळणाऱ्या त्या उंच गड्याचं, एक वर्ष, कारण तो परीक्षेला बसलाच नाही. आणि आईने रोज रात्री धुऊन वाळत घातलेल्या दोन जर्सी, माझी सात नंबरची आणि तुझी अकरा. यादीत अजून एक गोष्ट येते, पण ती लिहायला घेतली आणि चहा आला.

हे सगळं सुचायचं कारण असं, की विद्यापीठाने मला पुरुष बास्केटबॉल संघाचा इतिहास लिहायला सांगितलाय. संघाला साठ वर्षं झाली, स्मरणिका निघणार आहे. नव्या बंदिस्त कोर्टाची लाकडी फरशी आमच्या कारखान्याने घातली, तेव्हा क्रीडा संचालकांना वाटलं असावं की जो फळीला फळी जोडतो तो वाक्याला वाक्यही जोडेल. चेंडूंच्या खोलीतून दोन खोकी भरून जुने गुणतक्ते निघाले. काय सांगू तुला आपला इतिहास. पहिली सहा वर्षं संघाला स्वतःची रिंगच नव्हती. पहिला विजय चौथ्या वर्षी, तोही समोरच्यांची बस आली नाही म्हणून. सत्तावीस वेळा पहिल्याच फेरीत घरी. साठ वर्षांत कप एकच, आपला.

म्हणून मी त्या सामन्यावर जरा हात सैल सोडलाय. अंतिम सामना शेवटच्या फेकीवर जिंकून देणारा संघाच्या इतिहासातला एकमेव खेळाडू, असं स्वतःबद्दल लिहिलंय. खाली हेही, की चार वर्षांत मी एकदाही पाच फाऊल होऊन बाहेर गेलो नाही. तुझ्या वहिनीचं म्हणणं, दोन्हीपैकी एकच फुशारकी ठेवा, जी खरी असेल ती. तिचा स्वभाव तुला माहीतच आहे.

तुझ्याबद्दल एवढंच लिहिलंय: क्रमांक अकरा, उत्तम उडी, पण डोकं गरम, अंतिम सामन्यात दीड मिनिट उरलेलं असताना पाचव्या फाऊलवर बाहेर. तापट्या हे तुझं नाव त्या दिवसापासून पडलं, तेही घातलंय. संचालक वाचून खूप हसले. आणखी काही हवं असेल तर एक परिच्छेद लिहून पाठव. फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून हे पत्र. वीस तारखेला मजकूर छापखान्यात जाईल.

लोभ आहे तेवढाच ठेव, एकदम वाढवलास तर मला संशय येतो.

तुझा,
दादा


ता. ९ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल. मे महिन्यात मी शाळेतून निवृत्त होतोय, त्यामुळे सहकारी आत्तापासूनच माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतात.

तुझ्या इतिहासात दोन दुरुस्त्या. बुटांचे जोड अकरा नव्हेत, नऊ. उरलेले दोन माझे होते, ते तू न विचारता घातलेस. आणि त्या पहिल्या विजयाच्या वेळी बस आली होती, असं आपले प्रशिक्षक मास्तर सांगायचे. संघ भलत्याच कॉलेजच्या फाटकाशी उतरला आणि तिथल्या मुलांशी खेळून, हरून, परत गेला.

माझ्याबद्दल वेगळा परिच्छेद नको. मला 'आणि इतर' मध्ये बसव. लांब माणूस आहे, पाय दुमडून बसेन.

माझ्याकडे यंदा बारा मुलं आहेत. मातीचं मैदान, एक रिंग पुढे झुकलेली, त्यामुळे मुलांचा नेम त्याच रिंगवर जास्त चांगला. आपल्या वेळचा तो नियम पुस्तकातून केव्हाच गेला, ज्याचा फाऊल त्याने हात वर करायचा तो. मी मात्र अजून करायला लावतो. शिट्टी वाजली की पंचाने शोधायच्या आत हात वर. शेजारच्या शाळेचे सर मला म्हणाले, की अशाने तुमची मुलं उगाच तोट्यात राहतात. मी म्हटलं, राहू देत.

एक सांगू की नको असं झालंय, पण सांगतो. मुलीच्या लग्नात तू व्याह्यांना माझी ओळख करून दिलीस ती तापट्या म्हणून, आणि वर तो किस्साही सांगितलास. तिच्या सासूबाई सगळ्यांना कपबशीतून चहा देतात, मला स्टीलच्या पेल्यातून. मुलीने कारण विचारलं तर म्हणाल्या, की यांना राग लवकर येतो ना, आणि ते कप त्यांच्या आईकडचे आहेत. आम्ही घरी येऊन पोट धरून हसलो. मग मुलगी म्हणाली, की बाबांना रागावलेलं तिने कधी पाहिल्याचं आठवत नाही. मग कोणी हसलं नाही.

वहिनींना नमस्कार. ममता असू द्यावी. बूट परत केले नाहीस तरी चालेल.

तुझा,
धाकटा


ता. १३ जानेवारी

चि. भावास अनेक आशीर्वाद.

वरचं संबोधन बदललंय ते तुझ्या लक्षात येईलच. ते जुनं नाव लिहायला पेन उचललं आणि हात पुढे सरकेना.

नवी फरशी घातली की मी तिच्यावर चेंडू आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. खाली कुठे पोकळी राहिली असेल तर आवाजावरून कळते. आमचे कारागीर म्हणतात, मालकाचे कान भाड्याने द्यावेत. तुझं पत्र आल्यावर तुझ्याबद्दलची ती ओळ मी तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवली. तिथे पोकळ वाजलं. तिने विणकाम खाली ठेवलं.

चहा आला म्हणून जे लिहायचं राहिलं होतं ते आता लिहितो.

सत्तावन्न-सत्तावन्न. दीड मिनिट. रिंगवरून चेंडू परत आला आणि तिघं उडालो: तू, मी आणि त्यांचा नऊ नंबर. माझा कोपर त्याच्या बरगडीत बसला. मला तो आवाज आला, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. शिट्टी झाली. पंच मागे होता. त्याला हात दिसला होता, कोणाचा ते दिसलं नव्हतं. तुझे चार फाऊल झाले होते, माझेही चार; पाचवा ज्याचा, तो बाहेर. पंच आपल्या दोघांकडे बघत थांबला. मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती. उठलो तेव्हा तुझा हात वर होता.

त्यांनी एक गुण घेतला, तू बाकावर जाऊन बसलास आणि मी शेवटची फेक टाकली. तू चुकून हात वर केलास, अशी मी तेव्हाच स्वतःची समजूत घातली. पण तेवढ्यावर थांबलो असतो तरी मी आज तुला तोंड दाखवू शकलो असतो. संध्याकाळी जेवताना आईने विचारलं, की हा मधूनच बाहेर का गेला. मी म्हणालो, की याचं डोकं तापतं, किती वेळा सांगितलं याला. तू पाणी प्यायलास. त्यानंतर आई तुला शेवटपर्यंत सांगत राहिली, बाळा, शांत राहा. तू प्रत्येक वेळी हो म्हणायचास.

आणि पुढे राज्य संघाच्या निवड समितीने मास्तरांकडे तुझी चौकशी केली, तेव्हा मास्तरांनी कर्णधार म्हणून मला विचारलं होतं. तापट हा शब्द समितीच्या कागदावर गेला तो माझ्या तोंडून. माझी निवड झाली, तुझी नाही. त्या निवडीवर मला पहिली नोकरी लागली आणि त्या नोकरीतून हा कारखाना उभा राहिला. आणि मी सभांमधून सांगत फिरतो की मी शून्यातून वर आलो. शून्यातून कसला, तुझ्या खांद्यावर पाय देऊन.

मी हे सगळं एका पानात लिहिलं आणि संचालकांकडे घेऊन गेलो. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, की साठ वर्षांत एकच कप आहे, तोही तुम्ही पुसणार का? फरशी तुमची, फेक तुमची, आता खोडरबरही तुमचंच. त्यांना काय उत्तर द्यायचं ते तू सांग. फक्त राहू दे असं लिहू नकोस. अडतीस वर्षं तू तेच करत आलायस.

लोभाचं आज मागत नाही. पत्राचं उत्तर तेवढं दे.

दादा


ता. १७ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

हात मी चुकून वर केला नव्हता. त्या दिवशी मनगट तुझं चालत होतं. मला तिथून ती फेक जमली नसती. मी संघाचा विचार केला, तुझा नव्हे, तेव्हा उपकाराचं काही मनात आणू नकोस.

पण मी वाट पाहिली, हे खरं. आधी बाकावर बसून, तू पंचाकडे जाशील म्हणून. मग जेवताना. मग काही वर्षं, तू घरी आलास की फाटकापर्यंत सोडायला यायचो ते त्यासाठीच. पुढे शाळेचं काम वाढलं आणि सवय गेली. समितीच्या कागदाचं मात्र मला माहीत नव्हतं. ते वाचून मी मैदानाला दोन फेऱ्या मारून आलो. आता बरा आहे.

कप खरा की खोटा, ते तुमच्या विद्यापीठाने ठरवावं. छापायचं असेल तर स्वतःसाठी छाप. माझ्याकडून एकच काम: मुलीच्या सासूबाईंना दोन ओळी लिही. मला त्या कपातून चहा प्यायचाय.

प्रेम कमी झालेलं नाही. व्हायला हवं होतं का, ते निवृत्तीनंतर निवांत ठरवतो.

तुझा,
धाकटा


ता. १० फेब्रुवारी

चि. भावास अनेक आशीर्वाद.

विहीणबाईंना दोन नव्हे, दोन पानं लिहिली. त्यांचं उत्तर आलं. पुढच्या खेपेला तुला कपबशी. शेवटी लिहिलंय, की आता पेला तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलाय. बाई मार्मिक आहेत.

परवा समारंभ झाला. कोर्टाच्या मधोमध माईक होता. मी लिहून नेलेलं भाषण खिशातच ठेवलं आणि नाडीचं सांगितलं. टाळ्या पडल्या नाहीत. संचालकांनी घड्याळ पाहिलं. नंतर चहाच्या टेबलाशी माझ्या आजूबाजूला चांगली ऐसपैस जागा होती. तेवढ्यात आपला सेंटर आला. आता दातांचा डॉक्टर आहे, डोक्यावर एक केस नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, की त्याने तेव्हाच पाहिलं होतं, मागेच उभा होता. कोर्टावरच्या बाकीच्या दोघांनाही ठाऊक होतं. भावाभावांतलं आहे, दादा सांगेल कधीतरी, असं ठरवून सगळे गप्प राहिले. अरे, या लोकांना मी दर भेटीत त्या फेकीचं वर्णन ऐकवत आलो, आणि दर वेळी ते वा म्हणत आले. माझे कान एवढे तिखट, पण त्या वा मधलं काही मला अडतीस वर्षांत ऐकू आलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्मरणिका सोबत पाठवतोय. माझं ते एक पान संचालकांनी जागेअभावी गाळलंय. तुझ्यावरची ओळ मी आधीच बदलली होती; आता ती फक्त उत्तम उडी इथे संपते. पान बारावर मात्र, चार वर्षांत मी एकदाही पाच फाऊल होऊन बाहेर गेलो नाही, हे वाक्य त्यांनी तसंच ठेवलंय. शेवटचे तक्ते मीच तयार करून दिले होते. तक्ते कोणी वाचत नाही, त्यामुळे ते जसेच्या तसे छापले गेले.

मे महिन्यात येतो. फाटकापर्यंत सोडायला ये, या वेळी मी बोलेन. माया राहू दे.

तुझा,
दादा

ता. क. पान एक्केचाळीस, अंतिम सामना. क्रमांक अकरा: फाऊल चार. क्रमांक सात: फाऊल पाच.